शंभर टक्क्यांचा इतिहास : फ्रेमची मर्यादा आणि ग्राफिक्स कार्डाचा ‘वापर’

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/
२७ जुलै २०१० रोजी ‘स्टारक्राफ्ट २’ हा गेम विक्रीला आला. पहिला भाग १९९८ चा. म्हणजे चाहत्यांनी बारा वर्षे वाट पाहिली होती. गेम नावाजला गेला, पण थोड्याच दिवसांत एक चमत्कारिक तक्रार पुढे आली. खेळाडूंची ग्राफिक्स कार्डे बेसुमार तापत होती. काहींची तर कायमची निकामी झाल्याचे ते सांगत होते. शेकडो सैनिक एकमेकांवर तुटून पडलेल्या लढाईत हे घडत असते तर कोणाला नवल वाटले नसते. ते घडत होते मेनूच्या पडद्यावर, जिथे चित्र जवळजवळ स्थिर होते आणि खेळाडू बहुधा चहा आणायला उठून गेलेला असे.

२/
निर्मात्या ब्लिझार्ड कंपनीने तक्रार उडवून लावली नाही. तिने सुचवलेला तात्पुरता उपाय अवघ्या दोन ओळींचा होता. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून खेळाला सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घालायची, आणि दुसरी ओळ लिहून मेनूला ३० ची. मेनूत रेखाटण्याजोगे फारसे काही नव्हते, म्हणून कार्ड तेच सोपे चित्र सेकंदाला शेकडो वेळा पुन्हा पुन्हा रेखाटत बसले होते. काम हलके होते, पण ते संपतच नव्हते. ‘पुरे’ असे त्या कार्डाला कोणी सांगितलेलेच नव्हते.

३/
आज बहुतेक गेमरच्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘जीपीयू ९८%’ असा एक आकडा थरथरत असतो. तो १०० च्या जवळ असला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. फ्रेम रेटला मर्यादा घातली की तो कधी ४५ वर उतरतो, तर कधी मर्यादा घालूनही ९० च्या खाली येत नाही, आणि मग कार्डात बिघाड आहे की काय अशी शंका सुरू होते. या शंकेपायी चांगली कार्डे बदलली गेली आहेत. तो आकडा नेमके काय मोजतो हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. कारण फ्रेमची मर्यादा आधी जन्मली, मोजमाप फार नंतर आले, आणि दोघांचा जन्म वेगवेगळ्या प्रश्नांतून झाला.

४/
पहिली मर्यादा विजेच्या खांबावरून आली. अमेरिकेत १९४१ साली दूरचित्रवाणीचे मानक ठरले तेव्हा चित्राची गती घरातल्या विजेच्या वारंवारतेशी जुळवून घेतली गेली : सेकंदाला ६० अर्धचित्रे, म्हणजे ३० पूर्ण चित्रे. ही जुळणी नसती तर विजेच्या गुणगुणण्याने पडद्यावर उमटणारे पट्टे चित्रावरून सतत सरकत राहिले असते. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथे ५०. भारतातही ५० च. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये चित्र रंगीत झाले, तरी सेकंदाला ५० हाच ताल राहिला.

(रंग आले तेव्हा अमेरिकेतला ६० चा आकडा १९५३ मध्ये किंचित घसरून ५९.९४ झाला. आजच्या मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ‘५९.९४’ हा विचित्र पर्याय दिसतो, तो त्या वर्षीचा अवशेष.)

५/
घरगुती व्हिडिओ गेम या तालाचे गुलाम होते. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी मेमरीच नव्हती. सगळी मिळून १२८ बाइट. त्यामुळे टीव्हीचा इलेक्ट्रॉन झोत पडद्यावरून एकेक ओळ उजळत जात असताना, त्याच क्षणी त्या ओळीत काय दिसावे हे प्रोसेसरने सांगायचे. अमेरिकी टीव्हीवर एका चित्रात २६२ ओळी. त्यांपैकी साधारण १९२ दिसणाऱ्या. एका ओळीसाठी प्रोसेसरला मिळत ती ७६ आवर्तने. खेळाचा हिशेब, म्हणजे कोण कोणाला आदळले, गुण किती झाले, तो झोत तळापासून पुन्हा वर परतत असतानाच्या मोकळ्या अवधीत उरकायचा.

६/
या यंत्रात एक फार बोलकी सोय होती. प्रोग्रॅमने एका ठरावीक पत्त्यावर काहीही लिहिले की प्रोसेसर जागच्या जागी थांबे आणि पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा चालू होई. म्हणजे ‘काम झाले, आता थांब’ ही आज्ञा यंत्राच्या तारांतच गुंफलेली होती. फ्रेम मर्यादेचा हा बहुधा सर्वांत शुद्ध नमुना. या यंत्राने सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम काढणे शक्यच नव्हते, कारण फ्रेम त्याची नव्हतीच. ती टीव्हीची होती.

७/
मग ‘वापर’ कोणी मोजत होते का? होते, आणि फार सुंदर रीतीने. १९८२ च्या कमोडोर ६४ वर प्रोग्रॅमर एक युक्ती करत. आपले काम सुरू होताना ते पडद्याच्या कडेचा रंग बदलत, आणि संपताच तो पूर्ववत करत. झोत त्या वेळात जितका खाली सरकला तितका जाड रंगीत पट्टा कडेला उमटे. पट्टा पडद्याच्या एक चतुर्थांश उंचीचा, तर फ्रेमच्या वेळेचा एक चतुर्थांश खर्च झाला. पट्टा तळ ओलांडून वर आला, तर काम फ्रेममध्ये मावले नाही आणि खेळ अडखळणार. आकडा नाही, टक्के नाहीत. पण या पट्ट्याने नेमका प्रश्न विचारला होता : या एका फ्रेमच्या अवधीपैकी किती वेळ कामात गेला?

हा पट्टा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

८/
पडद्याच्या तालावर चालण्याचे तोटेही होते. ६० च्या तालासाठी लिहिलेले अनेक गेम युरोपात ५० च्या टीव्हीवर तसेच उतरवले गेले. ते सुमारे १७ टक्के संथ चालत आणि त्यांचे संगीतही रेंगाळे. एका पिढीला आपल्या आवडत्या गेमचा खरा वेग ठाऊकच नव्हता.

९/
आयबीएमच्या पीसीची गोष्ट उलट. १९८१ च्या पहिल्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. पुष्कळ गेमच्या लेखकांनी तोच वेग कायमचा गृहीत धरला आणि थांबण्याची सोयच ठेवली नाही. पुढची यंत्रे वेगवान झाली तसे हे गेम पिसाट धावू लागले. त्यावरचा तोडगा म्हणजे संगणकाच्या दर्शनी भागावरचे ‘टर्बो’ बटण. नाव वेगाचे, उपयोग मात्र बहुतेक वेळा वेग कमी करण्याचा. इतके खोटे नाव संगणकाच्या इतिहासात क्वचितच कशाला मिळाले असेल.

१०/
डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ने शहाणपणाचा मार्ग धरला. त्या काळी गेम ज्या व्हीजीए प्रकारात चालत, त्यात पडदा सेकंदाला ७० वेळा उजळे. ‘डूम’ने त्याच्या निम्मा, ३५ चा ताल निवडला. यंत्र कितीही दणकट असले तरी मूळ ‘डूम’ सेकंदाला ३५ च्या पुढे जात नाही. आजच्या कार्डावर तो चालवला तर कार्डाच्या वापराचा आकडा जवळजवळ हलतच नाही. आणि ते योग्यच आहे.

११/
उलटफेर झाला १९९६ मध्ये, ‘क्वेक’पासून. त्याचा मूळ प्रोग्रॅम डिसेंबर १९९९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, त्यामुळे ही गोष्ट आज कोणालाही तपासता येते. त्यातही मर्यादा आहे : सेकंदाला ७२ फ्रेम. पण त्याच ओळीत एक अपवाद लिहिलेला आहे. ‘टाइमडेमो’ ही आज्ञा चालू असेल तर मर्यादा लागू नाही. ‘टाइमडेमो’ म्हणजे आधी नोंदवलेला खेळ यंत्राला जमेल तितक्या वेगाने पुन्हा दाखवायचा आणि शेवटी सरासरी फ्रेम रेट छापायचा.

१२/
हा अपवाद खेळण्यासाठी नव्हता, मोजण्यासाठी होता. पण १९९६ हेच थ्रीडीएफएक्सच्या ‘वूडू’ कार्डाचे वर्ष. त्रिमिती चित्रणाची कार्डे बाजारात आली, त्यांची तुलना करायला मासिकांना एक आकडा हवा होता, आणि ‘टाइमडेमो’ तो आकडा आयता देत होता. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ला जगातील पहिला जीपीयू म्हणून मिरवले, तोवर कार्डाची किंमत सेकंदाला किती फ्रेम यावरच ठरू लागली होती. चाचणी घेताना पडद्याशी ताल जुळवणारी ‘व्ही-सिंक’ची सोय बंद करायची, हा दंडक झाला. मोजण्यापुरता केलेला अपवाद हळूहळू खेळण्याचा नियम बनला.

१३/
व्ही-सिंकबद्दल दोन वाक्ये, कारण ती बदनाम उगीच झाली नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. साध्या दोन-पाट्यांच्या पद्धतीत, म्हणजे एक पाटी दाखवायची आणि दुसरीवर रेखाटायचे, एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली तर तिची वेळ हुकते आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबावे लागते. प्रत्येक फ्रेमचे असेच झाले तर ६० चे थेट ३० होतात. तिसरी पाटी देऊन यावर उपाय झाला, पण ‘व्ही-सिंक म्हणजे संथपणा’ ही समजूत रुजली ती रुजलीच.

‘क्वेक ३’मध्ये तर आणखी मौज. तिथे काळ पूर्ण मिलिसेकंदांत मोजला जाई. सेकंदाला १२५ फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला बरोबर ८ मिलिसेकंद, अशी मर्यादा ठेवली तर अपूर्णांकांच्या फेरफारीमुळे खेळाडूची उडी किंचित उंच जाई. तेव्हा जाणकार खेळाडू मर्यादा काढत नसत. ती १२५ वर नेऊन ठेवत.

१४/
आता मोजमापाकडे. ‘वापर’ टक्क्यांत दाखवण्याची सवय प्रोसेसरकडून आली. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये डेव्ह प्लमर यांनी लिहिलेला ‘टास्क मॅनेजर’ आला आणि टक्क्यांचा हिरवा आलेख घरोघरी पोचला. त्यामागची कल्पना सोपी : ठरावीक अवधीत प्रोसेसर किती वेळ रिकामा बसला ते पाहा, उरलेला वेळ म्हणजे वापर. हा आकडा कष्टाचा नाही, वेळेचा आहे. ज्या काळी प्रोसेसरचा वेग अचल होता, त्या काळी या दोहोंत फारसा फरक पडत नव्हता.

१५/
ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत आरंभीची वाट हौशी जाणकारांनी पाडली. रशियातील ॲलेक्सी निकोलायचुक यांचा ‘रिवाट्यूनर’ आणि त्याच्या पायावर उभा राहिलेला ‘एमएसआय आफ्टरबर्नर’, २००७ पासूनचा ‘जीपीयू-झेड’, अशा साधनांनी कार्डाच्या पोटातले आकडे पडद्यावर आणले. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा रकाना यायला मात्र ऑक्टोबर २०१७ उजाडले. म्हणजे गेमची फ्रेम-शर्यत वीस वर्षांची झाल्यावर.

१६/
आणि इथे शब्दांची व्याख्या बारकाईने वाचावी लागते. एनव्हिडियाच्या अधिकृत मापन-साधनात ‘वापर’ म्हणजे गेल्या मापन-अवधीत किती टक्के वेळ कार्डावर किमान एक तरी काम चालू होते. तो अवधी कार्डानुसार एक षष्ठांश सेकंद ते एक सेकंद. विंडोजची व्याख्या थोडी निराळी : कार्डात चित्र रेखाटणारे, व्हिडिओ उलगडणारे, माहितीची ने-आण करणारे असे वेगवेगळे विभाग असतात; त्यांतील जो सर्वांत व्यस्त, त्याचाच टक्का संपूर्ण कार्डाचा म्हणून दाखवला जातो. म्हणून एकाच क्षणी दोन साधने दोन आकडे दाखवू शकतात आणि दोन्ही खरे असू शकतात.

१७/
‘किमान एक तरी काम’ या शब्दांचा अर्थ असा. बँकेच्या शाखेत दहा खिडक्या आहेत. नऊ बंद, एकीवर कारकून पासबुक भरून देतो आहे. या हिशेबाने शाखा १०० टक्के व्यस्त. दहाही खिडक्यांवर रांगा लागल्या तरी शाखा १०० टक्केच व्यस्त. शिवाय कारकून झपझप हात चालवतो आहे की आळोखेपिळोखे देत, हेही त्या आकड्यात येत नाही. मराठेशाहीचे महसुली कागद ज्यांनी चाळले आहेत, त्यांना कागदावरचा ‘कमाल आकार’ आणि प्रत्यक्ष वसूल यांतले अंतर नवे नाही. आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

१८/
आता मर्यादा घालून पाहावी. एका कार्डाला पूर्ण वेगात एक फ्रेम रेखाटायला ८ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर मर्यादा नसताना सेकंदाला १२५ फ्रेम निघतील. एक संपली की लगेच दुसरी, विश्रांती नाही. वापर १०० टक्क्यांच्या आसपास. ६० ची मर्यादा घातली की दर १६.६७ मिलिसेकंदांपैकी ८ काम आणि उरलेले ८.६७ स्वस्थ. वापर ४८ टक्के. इथवर सगळे सरळ आहे, आणि ‘मर्यादा घातली की वापर कमी होतो’ हे सर्वांना ठाऊक असलेले सूत्र याच हिशेबावर उभे आहे.

१९/
पण मार्च २०१२ मध्ये ‘जीटीएक्स ६८०’ आले आणि त्याबरोबर ‘जीपीयू बूस्ट’. तोवरही कार्डे रिकामी असताना वेग उतरवत असत, पण आता खेळ चालू असतानाही कार्डाचा वेग क्षणोक्षणी बदलू लागला. वीज आणि तापमान परवडते तोवर वर, गरज नसेल तेव्हा खाली. आता वरचे उदाहरण पुन्हा घ्यावे. कार्डाने पाहिले की अर्धा वेळ आपण रिकामे आहोत. त्याने वेग निम्मा केला. ८ मिलिसेकंदांचे काम आता १६ मिलिसेकंदांत होते. तेही १६.६७ मध्ये मावते. पडद्यावर तेच चित्र, त्याच ६० फ्रेम. वापराचा आकडा मात्र ९६ टक्के!

(प्रत्यक्षात हिशेब इतका काटेकोर नसतो, मेमरीचा वेग निराळा चालतो आणि कार्ड पायरी-पायरीने उतरते. पण दिशा हीच.)

२०/
आता ४८ टक्क्यांचे कार्ड जास्त राबते आहे की ९६ टक्क्यांचे? दोघांचे काम समान. विजेचे बिल पाहिले तर ९६ टक्केवाला बहुधा काटकसरी निघतो. चिपची वीज वेगाबरोबर वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते; वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येते. धावत जाऊन बसस्टॉपवर ताटकळण्यापेक्षा रमतगमत जाऊन वेळेवर पोचावे, तसे. म्हणजे मर्यादा घालूनही वापर ९० च्या खाली न येणे हे कित्येकदा यंत्र शहाणपणाने वागत असल्याचे लक्षण असते. मर्यादेने काही फरक पडला की नाही, हे पाहायचे तर टक्क्यांशेजारचे दोन रकाने वाचावेत : मेगाहर्ट्झ आणि वॅट.

२१/
गंमत अशी की प्रोसेसरच्या बाबतीत हा घोटाळा मायक्रोसॉफ्टने ओळखला होता. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरने प्रोसेसरचा टक्का मोजताना त्याचा बदलता वेगही हिशेबात धरायला सुरुवात केली. परिणामी मूळ आकडा १०० च्या पुढे जाऊ लागला, कारण प्रोसेसर आपल्या छापील वेगापेक्षा जास्त धावू शकत होता. मग दाखवताना तो १०० वर छाटावा लागला. २०१७ मध्ये जीपीयूचा रकाना आला तेव्हा मात्र पुन्हा जुनाच, निव्वळ वेळेचा हिशेब धरला गेला.

२२/
दरम्यान मर्यादा गुपचूप परतल्या. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या ‘जी-सिंक’ने नाते उलटे केले, फ्रेम पडद्यासाठी थांबण्याऐवजी पडदा फ्रेमसाठी थांबू लागला. २०१४ मध्ये लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी ‘बॅटरी बूस्ट’, २०१५ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये फ्रेम रेटचे लक्ष्य ठरवण्याची सोय, २०१६ मध्ये खेळाडूचा हात स्थिर असताना फ्रेम कमी करणारे ‘रेडिऑन चिल’, आणि जानेवारी २०२० मध्ये एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये सरळ ‘कमाल फ्रेम रेट’चा रकाना. ज्या कंपन्यांनी अमर्याद फ्रेमची जाहिरात केली, त्यांनीच लगाम विकायला काढला.

२३/
लगामाचा एक फायदा तर शंभर टक्क्यांच्या अभिमानाला थेट छेद देणारा आहे. कार्ड पूर्ण व्यस्त असते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमचे काम आधीच तयार करून रांगेत लावतो. माउस हलवल्यावर त्याचा परिणाम दिसायला आधीची रांग संपावी लागते. कार्डाच्या कुवतीपेक्षा थोडी खाली मर्यादा ठेवली तर रांग साचत नाही आणि हालचाल लवकर पोचते. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या ‘रिफ्लेक्स’चा गाभाही ही रांग मोडणे हाच. स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यासाठी ९९ टक्के हा आकडा म्हणूनच अभिमानाचा नसतो. तो वाट पाहणाऱ्या रांगेची खूण असतो.

२४/
टक्क्यांवर आणि सरासरीवर विसंबू नका, हे कोणी आधी सांगितले नव्हते असे नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी दाखवून दिले की सेकंदाची सरासरी आतल्या अडखळण्या झाकते. एका सेकंदात ५९ फ्रेम झरझर आल्या आणि एक तिष्ठत राहिली, तरी सरासरी ६० च. डोळ्याला मात्र तो एक झटका जाणवतो. त्यांनी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत कार्डांच्या परीक्षणांची भाषाच पालटली. हे मापन-पद्धतीतले खरे वळण; त्याची जेवढी आठवण ठेवायला हवी तेवढी ठेवली गेली नाही.

२५/
तरीही ‘स्टारक्राफ्ट २’चा धडा गिरवला गेला नाही. जुलै २०२१, ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ची मर्यादित खेळाडूंसाठीची चाचणी. पुन्हा मेनू, पुन्हा बेलगाम फ्रेम, आणि या वेळी बळी ‘आरटीएक्स ३०९०’ या कार्डाचे, ज्याची आरंभीची जाहीर किंमत १,४९९ डॉलर होती. सर्वाधिक बोभाटा ईव्हीजीए कंपनीच्या कार्डांचा झाला. ॲमेझॉनने मेनूला फ्रेमची मर्यादा घातली. ईव्हीजीएने कार्डे बदलून दिली आणि पुढे सांगितले की दोष सुरुवातीच्या मोजक्या कार्डांच्या सदोष सोल्डरिंगचा होता.

२६/
निवाडा करताना दोन्ही बाजू धराव्या लागतात. चांगले कार्ड कोणत्याही गेमने, कितीही फ्रेमने जळता कामा नये; ते राखण्याची जबाबदारी कार्डाचीच. पण कच्चा सांधा नेमका कोणत्या क्षणी तुटेल हे ठरवायला बेलगाम मेनू पुरेसा असतो. या प्रकरणातली सर्वांत बोधक गोष्ट मात्र कडेला पडून राहिली. सुरुवातीला संशय पंख्याच्या नियंत्रकावर होता, कारण मापन-साधने तो बिघडल्याचे दाखवत होती. कंपनीच्या खुलाशानुसार नियंत्रक ठीक होता. आतल्या संदेशवाहक तारांवरच्या खरखरीमुळे साधनेच चुकीचे वाचत होती. कार्डाच्या मृत्यूची चौकशी काही काळ एका चुकीच्या वाचलेल्या आकड्यामागे धावली.

२७/
ऑगस्ट २०२३ मध्ये इंटेलने आपल्या ‘प्रेझेंटमॉन’ या खुल्या साधनात एक नवे माप आणले : प्रत्येक फ्रेमच्या एकूण वेळेपैकी किती मिलिसेकंद कार्ड प्रत्यक्ष कामात होते. टक्के नाहीत, सेकंदाची सरासरी नाही. फ्रेमचा वेळ १६.७ आणि कार्डाचे काम ८, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहत आहे. मर्यादेची, पडद्याची किंवा प्रोसेसरची. दोन्ही आकडे एकमेकांना चिकटले, तर अडसर कार्डाचा. वेग उतरल्यामुळे काम लांबले असेल तर तेही शेजारच्या मेगाहर्ट्झच्या रकान्यात दिसते.

एका फ्रेमच्या अवधीपैकी किती वेळ कामात गेला? १९८२ मध्ये कमोडोर ६४ च्या कडेला उमटणारा रंगीत पट्टा हेच सांगत होता.

लेखनसीमा.